बियाण्यांचा मिनी फ्रिज: साफसफाई झाली, आता विजेचा हिशेब

गच्चीवरच्या बागेचं बियाणं उन्हाळ्यात खराब होतं, म्हणून ४५ लिटरचा जुना एकदारी मिनी फ्रिज घेतला. कॉम्प्रेसरवालाच हवा होता. पेल्टियरचे (कॉम्प्रेसरऐवजी विजेवर थंड होणाऱ्या चकतीचे) छोटे डबे स्वस्तात मिळतात, पण थंडाव्याच्या मानाने वीज फार खातात आणि मे महिन्यात पुरे पडत नाहीत.

टेम्पोतून आडवा आला, त्यामुळे रात्रभर उभा ठेवूनच चालू केला. आडव्या प्रवासात कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं, ते खाली उतरायला वेळ द्यावा लागतो. मागच्या पाटीवर गॅस आर६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेणारा आहे. त्यामुळे बर्फाच्या खणाला सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर अजिबात लावायचा नाही. खणाचा ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो, भोक पडलं की फ्रिज गेलाच. प्लग काढून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं आणि बर्फ आपोआप सुटू दिला.

आतला कुबट वास कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसल्यावर गेला. खरी घाण दाराच्या रबराच्या घड्यांत होती, काळी बुरशी. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरलं. पाणी निथळायचं भोक तुंबलं होतं, ते कानकोरण्याने मोकळं केलं. मागच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडली.

रबर मात्र बिजागरीच्या बाजूला दबलेलं होतं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. तिथे ती सहज निघून येत होती. हेअर ड्रायरने रबर हलकं गरम करून बोटांनी बाहेर ओढलं आणि दार बंद करून थंड होऊ दिलं. आता पट्टी सगळीकडे अडकते. दहा मिनिटांच्या या कामाने किती फरक पडला ते पुढे येतंच आहे.

पाटीवर ०.६ ॲम्पियर लिहिलंय. २३० ने गुणलं की १३८, गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला ३.३ युनिट! पाहून कोणीही घाबरेल. पण या आकड्यात दोन गोष्टी सुटतात. मोटरचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले ॲम्पियरपैकी खरोखर खर्च होणारा वाटा) कमी असतो, म्हणून व्होल्ट गुणिले ॲम्पियर म्हणजे वॉट नव्हेत. शिवाय कॉम्प्रेसर सतत चालत नाही.

माझ्या मते घरचा मीटर हेच सगळ्यात भरवशाचं साधन आहे. माझ्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुका असं छापलंय (तुमच्याकडे १६०० असू शकतं). घरातलं बाकी सगळं बंद करायचं, वायफायसुद्धा, आणि लाल दिव्याच्या दोन लुकलुकांमधले सेकंद मोजायचे. ११२५ भागिले सेकंद, आले वॉट. १६०० च्या मीटरला २२५० घ्यायचे. कॉम्प्रेसर स्थिरावल्यावर माझ्याकडे १८ सेकंद आले, म्हणजे साडेबासष्ट वॉट.

मग चालू-बंदचा वेळ. रबर नीट करण्याआधी १४ मिनिटं चालू, १४ मिनिटं बंद. अर्धा वेळ चालू म्हणजे दिवसाला पाऊण युनिट. रबर बसल्यावर ११ चालू, २१ बंद: साधारण ०.५२ युनिट, महिन्याला साडेपंधरा. खोलीचं तापमान आणि थर्मोस्टॅटचा खटका दोन्ही वेळा सारखेच होते. बियाण्यांचा फ्रिज दिवसातून एकदाही उघडावा लागत नाही. भाजी-दुधाचा असेल तर आकडा वाढेल.

साडेपंधरा युनिट थोडे वाटतात, पण महावितरणचं बिल टप्प्यांनी चढतं. महिन्याचा वापर शंभरच्या काठावर असेल तर हे युनिट वरच्या टप्प्याच्या दराने लागतात, तेव्हा हिशेब तसा करा.

आता हवाबंद बरण्या भरायच्या, प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी घालून. फ्रिजमधली ओल बियाण्याला उष्णतेइतकीच वाईट. वांगी, मिरची आणि गवारीचं बियाणं आधी बरण्यांत जाईल. पावसाळ्यात खोली गार झाली की चालू-बंदचा वेळ पुन्हा मोजणार आहे.