तुम्ही विचारलंत म्हणून: 'तोंड उघडायला काय होतं?'

लातूरच्या आडतीवर दिवसभर हिशोब लिहितो, सोयाबीनचे भाव तोंडपाठ, मग चारचौघांत दोन शब्द बोलायला काय होतं? हे इतक्यांदा विचारून झालंय की एकदाच लिहून टाकतो. घमेंडच म्हणायचं असेल तर पुढचं वाचू नका.

मला स्वमग्नता (ऑटिझम) आहे आणि एडीएचडीही, म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही, स्वतःला आवर घालता येत नाही. 2013 पर्यंत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात ही दोन्ही एकाच माणसाला लावायची सोयच नव्हती. मला दोन्ही लागली, तीही छत्तिसाव्या वर्षी. एकीमुळं समोरच्याचा इशारा दिसत नाही. दुसरीमुळं दिसला तरी तोवर जीभ सुटलेली असते.

चुलत्याच्या मातीला गेलो होतो, निदानाच्या आधी. काकूनं माझा हात धरला, "आता माझं काय राहिलं रं बाबा?" मला वाटलं, विचारतेय. धीर द्यावा म्हणून मोजायला लागलो. तीन एकर कोरडवाहू, दोन म्हशी, सोसायटीचं कर्ज फिटलेलं, मागची पत्र्याची खोली भाड्यानं. खोलीपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, बायकांचं रडणं थांबलंय. सतरंजीचा एक दोरा निघाला होता, तो मी बोटाला गुंडाळत राहिलो. आतेभावानं दंडाला धरून बाहेर आणलं. "वाटण्या करायला आलास का?" अंघोळ करून परत येईस्तोवर ते वाक्य गावभर झालं होतं. काकू सहा वर्षं बोलली नाही.

तेव्हा मी म्हणायचो, मी खरं बोलतो, तुम्हालाच सोसत नाही. पुढं डेमियन मिल्टन वाचला. स्वतः स्वमग्न असलेला ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. 2012 मध्ये त्यानं मांडलं की न कळणं दोन्हीकडून असतं, आम्हाला तुम्ही आणि तुम्हाला आम्ही. पटलं, अजून पटतं. माझ्या मनात काय होतं, हे त्या दिवशी कुणी विचारलं? पण नवरा ओसरीत आडवा असताना तिनं माझा मेंदू समजून घ्यायचा होता का? मिल्टनला पुढं करून मी तेच जुनं 'तुम्हालाच' म्हणतोय, असं रात्री वाटतं. सकाळी वाटत नाही.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, काकूच्या शेतात गेलो. तिनं आंबिलीचा तांब्या पुढं केला, "घे की." "बास," म्हणालो. तिनं ओतलीच. मी पिलो. ते नुसतं आग्रहाचं होतं की आणखी काही, तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. तिला विचारायची माझी छाती नाही.