तिसऱ्या मजल्यावरची माती

नागपुरात मे महिन्यात उन्हं चढल्यावर गच्चीवर कोणी जात नाही. मी सकाळी साडेसहालाच जाते आणि कुंड्या पालथ्या घालते. टोमॅटो, वांगी, सांबार (पुण्याकडचे कोथिंबीर म्हणतात तो) सगळं करपून गेलेलं असतं. उरते ती माती. कुंडी चारी बाजूंनी थोपटली की मुळांच्या जाळ्यासकट ती कुंडीच्याच आकारात बाहेर येते, वाटीतून भाताची मूद पडावी तशी. वर पांढरट पापुद्रा. ही आमच्या कूलरची कृपा. टाकीतलं पाणी दिवसभर उडत राहतं, क्षार मागे उरतात, आणि पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून मी नेमकं तेच कुंड्यांना घालते. तो वरचा दोन बोटं थर तेवढा खरवडून टाकते.

पहिल्या वर्षी मी सगळीच माती टाकायला निघाले होते. चार पोती जिन्यातून खाली आणली, तर कचरा गाडीवाल्याने हात लावला नाही. खालच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "फेकून काहून राहिली वं? माती का शिळी होते?" पोती परत वर. आमच्याकडे लिफ्ट नाही, हे सांगायला हवं.

त्याआधी दिराच्या शेतातली काळी माती आणून पाहिली होती. कापसाला ती सोनं, पण कुंडीत पार दगड. भिजली की फुगते, वाळली की आक्रसून कुंडीची कड सोडते, मग वरून घातलेलं पाणी फटीतून थेट खालच्या भोकातून बाहेर. झाड कोरडंच.

आता ढेकळं फोडते, रेतीच्या चाळणीतून चाळते. चाळताना हुमणीची पांढरी, इंग्रजी सी-सारखी वळलेली अळी निघाली की कठड्यावरच्या साळुंक्या आधीच तयार असतात. मग माती ओली करून गच्चीवर पसरायची, वर प्लास्टिक, कडेला विटा. आत कोंडलेली माती उन्हाने तापते आणि तिच्यातले कीड-रोग बरेचसे मरतात. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) ते मृग, आणि जमलं तर त्याआधीपासूनच. चार-सहा आठवडे मिळाले तर उत्तम. प्लास्टिक पारदर्शकच हवं. मी आधी काळी ताडपत्री घातली होती, ऊन तिनेच खाल्लं. ज्या टोमॅटोच्या मुळांवर सूत्रकृमींच्या (मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंतांच्या) गाठी होत्या, त्यांची माती वेगळी ठेवते. तिच्यात यंदा झेंडू, तो सूत्रकृमींना आवरतो म्हणून. बाकीत तिसरा हिस्सा कंपोस्ट, कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड.

परवा विटा रचत होते, तर काकू धापा टाकत वर आल्या. हातात कान तुटलेली बादली, तीत त्यांच्या तुळशीची जुनी माती.

"तुह्या प्लास्टिकाखाली जागा असन तं पाय."

मी दोन विटा उचलल्या.