ग्वाल्हेरचा कडा आणि कन्या राशीतली दीर्घिका

रंगपंचमीला ग्वाल्हेरला मावशीकडे गेले होते. लष्कर भागातल्या तिच्या वाड्याची फरशी दुसऱ्या दिवशीही गुलाबीच होती. ऊन कलल्यावर मावसभावाला घेऊन किल्ल्याची पूर्वेकडची वाट धरली. या वाटेवर कातळात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ.स. ८७६च्या शिलालेखात एका बागेची लांबी २७० हात दिली आहे. त्यातलं शून्य अगदी आजच्यासारखं गोल, फक्त जरा लहान. माझा पाय तिथून निघेना.

वर मानमंदिर महालापाशी कडा एकदम तुटतो आणि खाली जुनं ग्वाल्हेर पसरलेलं दिसतं. तिथे उभी असताना मला सिडनीचा डोव्हर हाइट्सचा कडा आठवला. मी तो पाहिलेला नाही, पण त्याची गोष्ट मला फार आवडते. १९४०च्या दशकात तिथे समुद्राकडे तोंड करून अँटेना लावली होती. आकाशातला रेडिओलहरींचा स्रोत क्षितिजावर उगवला की एक रेडिओलहर थेट यायची, दुसरी पाण्यावरून परतून. दोन्ही मिसळल्या की सिग्नल चढायचा-उतरायचा, आणि त्यावरून स्रोताची जागा काढायची. दुसऱ्या अँटेनाचं काम समुद्रच करायचा! न्यूझीलंडच्या कड्यांवरूनही अशीच मोजमापं घेतली गेली. मग १९४९मध्ये तिथल्याच बोल्टन, स्टॅन्ली आणि स्ली या शास्त्रज्ञांनी कन्या राशीतल्या अशा एका स्रोताचा माग एम-८७ या दीर्घिकेपर्यंत, म्हणजे ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहापर्यंत नेला.

रात्री गच्चीवर मावशीने थंडाई आणली. चंद्र उगवायला अवकाश होता.

"कुठे आहे गं तुझी ती दीर्घिका?"

"उत्तरा फाल्गुनीच्या खाली, पूर्वेला. नुसत्या डोळ्यांनी नाही दिसायची."

"आणि रेडिओ म्हणतेस, मग ऐकू येतं का काही?"

"नाही गं मावशी. तो प्रकाशाचाच प्रकार, आपल्या डोळ्यांना न दिसणारा."

एम-८७ सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिका, दुर्बिणीतून नुसता मऊ, धूसर गोळा. सर्पिल भुजा नाहीत, नवे तारे जवळजवळ नाहीत. पण तिच्या पोटात ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. २०१९मध्ये सगळ्यांनी पाहिलेलं ते नारिंगी कडं याचंच, तेही रेडिओलहरींतूनच टिपलेलं. त्याच्याजवळून निघणाऱ्या झोतात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओलहरी सोडतात. शेजारच्या एम-८४मध्येही असेच झोत आहेत.

मला सगळ्यात जास्त गुंतवतं ते पुढचं. हे झोत भोवतालचा वायू तापता ठेवतात. वायू निवत नाही, म्हणून नवे तारे घडत नाहीत. बाहेरून इतकी निवांत दिसणारी ही दीर्घिका आतल्या खळबळीमुळेच तशी राहिली आहे.

मावशी थोडा वेळ गप्प होती. पंचांग तिच्या रोजच्या वाचनातलं. उत्तरा तिने स्वतःच शोधली आणि मग बोट हळूहळू खाली आणलं.

"इथे?"

"अजून थोडं खाली. हं, तिथे."