पांढरी दिल्ली, गुलाबी मुंबई

एप्रिलमध्ये लोकसभेची ड्यूटी केली तेव्हा वाटलं होतं, आता पाच वर्षं दिल्लीचं मशीन बघायला नको. पण ऑगस्टमध्ये खासदार वसंतराव चव्हाण वारले आणि नांदेडची पोटनिवडणूक विधानसभेच्याच दिवशी, २० नोव्हेंबर २०२४ ला लागली. मी केंद्राध्यक्ष, केंद्र मुखेड मतदारसंघातल्या एका गावच्या शाळेत.

साहित्य घेतानाच घाम फुटला. सगळंच दुप्पट. लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी, मतदारांना द्यायच्या चिठ्ठ्याही त्याच रंगांच्या. रात्री शाळेत सतरंजीवर पडल्या पडल्या आमच्या टीममधल्या तलाठ्याने सूत्रच काढलं, "सर, पांढरी दिल्ली, गुलाबी मुंबई."

पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायला चाचणी मतदान. एका मशीनवर किमान ५० मतं, म्हणजे आम्हाला शंभर. उमेदवारांचे एजंट जांभया देत बटणं दाबत होते. मग व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजा, मागे शिक्का मारा, काळ्या पाकिटात सील करा. आणि ही चाचणीची मतं पुसायला 'क्लिअर' दाबायचं विसरायचं नाही! मी दोनदा दाबलं.

साडेनऊच्या सुमारास एक आजी पांढऱ्याचं बटण दाबून थेट दाराकडे निघाल्या.

"आजी, आणखी एक राहिलंय."

"एकदा दाबलं की रे बाबा. दुबार कशाला? मला जेलात घालतूस का?"

समजावलं तेव्हा गुलाबीकडे गेल्या, तिथं मात्र क्षणभरही थांबल्या नाहीत. दाबलं आणि बाहेर. माणसं गोंधळतील म्हणून रात्रभर आम्हीच जागे होतो.

सहाला रांगेच्या शेपटीपासून टोकन वाटले, सव्वासातला 'क्लोज' दाबलं. लोकसभा ६१२, विधानसभा ६११. पोटात गोळाच आला. नंतर आठवलं, दुपारी एक पोरगा फोन आला म्हणून मधूनच पळाला होता. डायरीत तसं लिहून ठेवलेलं, म्हणून वाचलो. दोन्हीकडचे सतरा-सी, म्हणजे मतांच्या हिशोबाचे फॉर्म, भरून एजंटांना प्रती देऊन साहित्य जमा करेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. तिथल्या रांगेबद्दल न बोललेलंच बरं.

२३ ला निकाल. लोकसभेखालच्या सहाही विधानसभा महायुतीला, आणि खासदारकीला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, अवघ्या १,४५७ मतांनी. संध्याकाळी तलाठ्याचा फोन.

"सर, बघितलं का? पांढरी एकीकडं, गुलाबी दुसरीकडं."