लॉग केबिन: पद्धत ठरली, कापाकापी सुरू

तर मंडळी, लॉग केबिनचं, म्हणजे मधे एक चौकोन आणि भोवती फेऱ्याफेऱ्याने पट्ट्या अशा चौकोनी ब्लॉकच्या गोधडीचं गाडं हललंय. डिझाईन, रंग सगळं कधीच ठरलेलं होतं, अडलं होतं ते फक्त ब्लॉक जोडायचे कसे यावर. ज्याला विचारावं तो आपलीच पद्धत बेस्ट म्हणतो, मग म्हटलं प्रत्येक पद्धतीचा एकेक ब्लॉक स्वतःच शिवून बघू आणि शेजारी शेजारी ठेवून ठरवू.

आधी माप सांगते म्हणजे पुढचं कळेल. मधला चौकोन लाल, कापताना अडीच इंच, शिवल्यावर दोन. पट्ट्या दीड इंच रुंद कापायच्या, शिवल्यावर एक इंच राहतात. तीन फेरे, म्हणजे बारा पट्ट्या (प्रत्येक फेऱ्यात लागोपाठ दोन फिक्या, दोन गडद), आणि तयार ब्लॉक आठ इंच (शिवणीचं मार्जिन धरून साडेआठ). असे ४८, सहा गुणिले आठ, म्हणजे बॉर्डर सोडून ४८ बाय ६४ इंच. लाल मध्य का, तर अमेरिकेत हे डिझाईन १८६० नंतर जोरात आलं आणि तिकडे सांगतात की लाल चौकोन म्हणजे लाकडी घरातली शेकोटी, भोवतीच्या पट्ट्या म्हणजे ओंडके. गोष्ट छान आहे, पण खरं सांगायचं तर मला लाल आवडतो म्हणून लाल. फक्त लाल कापड आधी पाण्यात घालून रंग जातो का ते बघाच, शेजारी पांढरट पट्ट्या येणार आहेत.

पहिली पद्धत सगळ्यात फास्ट म्हणून फेमस आहे. लांबच लांब पट्टी मशीनवर सुलट बाजू वर करून सोडायची, त्यावर एकामागून एक ब्लॉक उलटे ठेवत टीप मारत जायचं आणि मग कात्रीने नाहीतर रोटरी कटरने मधे मधे कापून ब्लॉक सुटे करायचे. मोजायचं काही नाही, कापायचं टेन्शन नाही, हात नुसता चालत राहतो, मजा येते खरंच. पण ब्लॉक तयार झाल्यावर माप घेतलं की बघायचं काय होतं ते. शिवण पाव इंचाच्या जागी अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली ना, तर प्रत्येक शिवणीला दोन्हीकडचं मिळून एक सूत कापड खाल्लं जातं, आणि ब्लॉकच्या आरपार सहा शिवणी आहेत, म्हणजे सहा सूत, म्हणजे पाऊण इंच गायब! साडेआठचा ब्लॉक पावणेआठ. आणि हे शेवटपर्यंत कळतच नाही, कारण पट्टी ब्लॉकच्या काठाला कापली जाते, ब्लॉक लहान झाला तर पट्टीही गुपचूप लहान कापली जाते आणि सगळं बरोबरच दिसतं. शिवाय लांब पट्टी आडव्या धाग्यावर कापलेली असली की ती ताणली जाते, आपण नकळत ओढतो, आणि ब्लॉकच्या कडा लाटांसारख्या हलायला लागतात.

दुसरी पद्धत, प्रत्येक पट्टी आधीच नेमक्या लांबीची कापून ठेवायची. ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण याचं गणित इतकं गोड बसतं की काय सांगू. फिक्या रंगाच्या पट्ट्या अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच, साडेसहा, साडेसात, प्रत्येकी एक. गडद रंगाच्या साडेतीनपासून साडेआठपर्यंत, प्रत्येकी एक. बास. एका ब्लॉकला फिकं कापड ३० इंच लांब, गडद ३६ इंच. ४४ पन्ह्याचं कापड किनार काढून ४२ धरलं तर ४८ ब्लॉकना फिक्याच्या साधारण ३५ पट्ट्या, गडदच्या ४२, म्हणजे फिकं सव्वा ते दीड मीटर आणि गडद दीड-पावणेदोन मीटर. मी दोन्ही थोडं जास्तच घेतलंय, कारण लांबी लांबीने कापताना तुकडे उरतात. पण जोड्या लावून कापलं तर फार नाही उरत: ४२ इंचात साडेसातचे पाच आणि साडेचारचा एक बरोब्बर बसतो, साडेपाचचे सात आणि साडेतीनचा एक पण बसतो. हे बसवत बसणं मला शिवण्याइतकंच आवडतं, घरचे हसतात, हसू देत.

आणि खरा फायदा वेगळाच आहे. पट्टी नेमकी कापलेली असली की ती ब्लॉकला लावतानाच कळतं, टोकं जुळली तर शिवण बरोबर, पट्टी बाहेर डोकावली तर आधीची शिवण जाड गेली, कमी पडली तर बारीक गेली. म्हणजे चूक त्याच शिवणीला समजते, एक टीप उसवली की काम झालं. बारा शिवणींनंतर समजली तर काय करणार, अख्खा ब्लॉक उसवायचा? ४८ ब्लॉकच्या ५७६ शिवणी होतात, त्यामुळे माझं मत पक्कं झालं ते इथेच. वेगही फार कमी होत नाही, कारण सुटे तुकडे असले तरी एकामागून एक साखळीनेच शिवता येतात, दोरा मधे न तोडता.

हो, पाव इंच तपासायची एक सोपी ट्रिक: दीड इंची तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. ती बरोब्बर एक इंच भरली पाहिजे. कापड दुमडताना घडीत थोडं जातं म्हणून टीप पाव इंचापेक्षा एक धागा कमी मार्जिनवर मारावी लागते. मशीनच्या पाव इंची फूटवर (कापड दाबून धरणाऱ्या पायावर) डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तुमचं मशीन, तुमचा दोरा, तुमचं कापड यावर ठरतं ते.

तिसरी पद्धत कागदावरची. कागदावर ब्लॉक छापायचा, मागून कापड लावायचं, पुढून रेषेवर टीप. टाका बारीक ठेवायचा, दीड मिलीमीटर, म्हणजे कागद नंतर सहज फाटतो. रेषा छापलेलीच असल्यामुळे मार्जिनचा प्रश्नच येत नाही, ब्लॉक आरशासारखा चोख निघतो. (आणि ब्लॉक खरंच आरशातलाच निघतो, छापलेल्याच्या उलटा फिरलेला, ते लक्षात ठेवून फिकं-गडद लावा.) अर्धा इंची पट्ट्यांचा छोटा ब्लॉक करायचा असेल तर दुसरं काही बघूच नका, हेच करा. पण एक इंची पट्ट्यांना ही मेहनत जास्त वाटते, कापडही जास्त जातं, आणि ४८ ब्लॉकचे कागद चिमट्याने उपटत बसायचे... नको बाई.

चौथी खरं तर सगळ्यात जुनी. अमेरिकेतल्या जुन्या लॉग केबिनमधे रेशीम, मखमल, लोकर, जे हाताला लागेल ते, जाड-पातळ एकत्र यायचं, म्हणून खाली साध्या सुती कापडाचा चौकोन धरून त्यावरच शिवायचे. ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर तर याचा एक प्रकार आहे ज्यात पट्ट्या फाडून काढतात, माप हाताच्या तळव्याने आणि बोटांनी घेतात, फूटपट्टी लागत नाही. मी मलमल वापरली. नऊ इंची चौकोन, पेन्सिलने कर्णरेषा मारल्या, मध्य बसवला आणि बाहेर शिवत गेले. कॉटनच्या ब्लॉकला याची काही गरज नाही, उगाच जाडी वाढते. पण माझ्याकडे खणाचे तुकडे पडून आहेत आणि खण कापला की धागे सुटायला लागतात, इस्त्रीखाली सरकतो, पाव इंच मार्जिन तर धुण्यात टिकेल असं वाटत नाही. मलमलीवर मात्र एकदम शिस्तीत बसला. मार्जिन तीन सूत ठेवलं. शिंपी म्हणाले मागून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा, चालेल तेही, पण मग खणाचा मऊपणा जातो आणि पांघरूण पुठ्ठ्यासारखं होतं. मलमलीचा अजून एक फायदा म्हणजे मधे कापूस किंवा बॅटिंग घातलं नाही तरी चालतं, नुसतं अस्तर लावून धावदोरा घातला की आपल्याकडच्या हवेला पुरतं, गोधडीसारखंच.

तर निर्णय असा: मोठं ४८ ब्लॉकचं दुसऱ्या पद्धतीने, आणि खणाचं छोटं वेगळं, मलमलीवर.

आत्ताची परिस्थिती म्हणजे फिक्या पट्ट्या सगळ्या कापून झाल्यात, लांबीप्रमाणे मिठाईच्या रिकाम्या डब्यांमधे भरून वर चिठ्ठ्या लावल्यात. कापायच्या आधी कापडाला खळ दिली होती, खूप फरक पडतो, पट्टी कडक राहते आणि वळत नाही. गडदमधे अजून साडेसात आणि साडेआठच्या राहिल्यात. काही ब्लॉकचा पहिला फेरा शिवूनही झालाय. इस्त्री प्रत्येक पट्टीनंतर, मार्जिन मध्यापासून बाहेरच्या बाजूला, आणि इस्त्री ओढायची नाही, उचलून ठेवायची. पुढची पट्टी कुठल्या बाजूला हा गोंधळ होत असेल तर दुसऱ्या फेऱ्यापासून सोपं आहे, ज्या काठाला दोन शिवणी येऊन मिळतात तिथे पुढची लावायची.

मांडणीचं मात्र अजून भांडण चालूय माझं माझ्याशीच. बार्न रेझिंग, म्हणजे मधून पसरत जाणारे हिऱ्याचे आकार, की स्ट्रेट फरो, नांगरटीसारखे तिरके पट्टे. सहा गुणिले आठ दोन्हीला चालतं म्हणून घाई नाही, ब्लॉक तेच राहतात, फक्त फिरवायचे. मन सध्या नांगरटीकडे झुकतंय, कारण माझे गडद रंग सगळे एका जातीचे नाहीयेत आणि हिऱ्यात ते डाग पडल्यासारखे दिसतील अशी शंका येतेय. कुणी मिक्स गडद वापरून बार्न रेझिंग केलं असेल तर कसं दिसलं ते सांगा.