लेसरडिस्कवरचा डाग कुठे आहे हे फ्रेम नंबरवरून काढताना

डिजिटल करायला आलेली शैक्षणिक लेसरडिस्क (लेसरने वाचायची व्हिडिओची तबकडी) अगदी सुरुवातीच्या वर्षांतली. 30 सेंमी व्यास, अ‍ॅक्रिलिकच्या दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या. पाकिटावर कोणीतरी लिहून ठेवलेलं: ‘रॉट’, म्हणजे आतला धातूचा थर गंजलेला. लावून पाहिली तर दोष दोन तऱ्हेचे. फ्रेम 18,000 ते 18,600 एकाच उंचीवर बसलेली पांढरी आडवी रेघ, आणि सगळीकडे टिपक्यांचा पाऊस. दोन्हींना एकच नाव देणं घाईचं होतं.

फिलिप्स आणि एमसीए यांनी 1972 मध्ये वेगवेगळी दाखवलेली आणि 1978 च्या डिसेंबरात अटलांटात मिळून विक्रीला आणलेली ही पद्धत. तिच्या सीएव्ही (कायम एकाच वेगाने फिरणाऱ्या) डिस्कमध्ये मिनिटाला 1,800 फेरे आणि एका फेऱ्यात एक फ्रेम, त्यामुळे हिशेब सोपा पडतो. 55 मिमी त्रिज्येपासून 145 मिमीपर्यंत 54,000 फ्रेम, म्हणजे लगतच्या फेऱ्यांत सुमारे 1.67 मायक्रॉन अंतर. 18,000 वी फ्रेम 85 मिमीवर. 600 फ्रेम म्हणजे 1 मिमी. डिस्क तिरपी धरली की समोरासमोर दोन आरे चमकतात. तिथे दोन फील्डमधला (एका फ्रेमच्या दोन भागांमधला) कोरा भाग असतो. एका आऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा अर्धा फेरा म्हणजे चित्राची पूर्ण उंची. रेघ वरून पाव उंचीवर, म्हणजे आऱ्यापासून साधारण 45 अंश. आरे दोन, प्रत्येकापासून दिशाही दोन, म्हणून चार जागा तपासल्या. एका जागी वाळलेल्या थेंबाची खूण सापडली.

डिस्टिल्ड पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडाने केंद्राकडून काठाकडे पुसली. गोल पुसू नये. ट्रॅकच्या दिशेचा ओरखडा जास्त त्रास देतो. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल तर लावूच नये, बारीक तडे जातात. रेघ गेली.

टिपके मात्र पाच-दहा फ्रेमच टिकत, म्हणजे जेमतेम 8 ते 16 मायक्रॉनचे. लेसरचा किरण पृष्ठभागावर अजून पाऊण मिमीच्या आसपास पसरट असतो, तिथला इतका बारीक कण त्याला जाणवतही नाही. म्हणजे दोष आतल्या थरात: एकतर प्रेसिंगच्या वेळी अडकलेली धूळ, नाहीतर डिंकाच्या बाजूने गंजलेलं अ‍ॅल्युमिनियम. कापड कितीही घासा, उपयोग नाही.

धूळ की गंज ते ठरवायला आरएफ सिग्नल (डिस्कवरून वाचलेला कच्चा सिग्नल) थेट टिपला, सेकंदाला 4 कोटी नमुने. प्लेअरच्या व्हिडिओ आउटपुटवर विसंबलो तर फसगत ठरलेली, कारण त्यातला ड्रॉपआउट कॉम्पेन्सेटर (तुटलेला सिग्नल झाकणारा भाग) गळलेल्या जागी आधीची ओळ चिकटवून मोकळा होतो. टिपक्यांचा फ्रेमवार नकाशा जपून ठेवला. काही महिन्यांनी पुन्हा टिपल्यावर धूळ तेवढीच राहते, गंज वाढतो.

चित्र सुधारायचं तर त्याच डिस्कच्या तीन प्रती मिळवून, फ्रेम नंबर जुळवून, प्रत्येक बिंदूची मधली किंमत घ्यायची. स्टॅम्परमध्येच (डिस्क छापायच्या साच्यातच) असलेला डाग तिन्ही प्रतींत येतो, तो तसाच राहणार.