'निफो ओती'चे दाते

ऑकलंडमधल्या एका संग्रहालयात मी धातूच्या वस्तूंचं संवर्धन करते. त्या दिवशी टेबलावर पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांची 'निफो ओती' ही मोठी सुरी होती. हातभर पातं, टोकाला आकडा, एका कडेला करवतीसारखे दाते. जुन्या कार्डावर लिहिलेलं: 'पारंपरिक युद्धशस्त्र, युरोपीय संपर्कापूर्वीचे.'

आणि पातं लोखंडाचं! सामोआ ज्वालामुखीतून वर आलेली बेटं, तिथे धातू गाळणं कुणाला ठाऊकच नव्हतं. 1722मध्ये रोखेवेनची डच जहाजं येईपर्यंत सगळा कारभार लाकूड, दगड आणि शिंपल्यांवर चाले. कार्ड लिहिणाऱ्याने वस्तू हातात तरी घेतली होती का, देव जाणे.

गंज काढताना मुठीजवळ 'शेफि' एवढी अक्षरं भिंगाखाली दिसली. म्हणजे शेफिल्ड, इंग्लंड. तो आकडाही ओळखीचा वाटत होता. मी बीडची, आमच्याकडे ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. व्यापाऱ्यांच्या आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून असली अवजारं पॅसिफिकभर पोचली होती. मी वहीत लिहून मोकळी झाले: 'आयात अवजार.'

दुपारी सामोअन समाजातले एक वयस्कर गृहस्थ आले. मी शिक्का दाखवला, जरा फुशारकीनेच.

"पातं त्यांचंच आहे," ते म्हणाले. "आता दाते बघ, पोरी."

दाते एकसारखे नव्हते. कुणीतरी कानस घेऊन एकेक पाडला होता. असेच दाते त्यांच्या जुन्या लाकडी गदांना असतात. 'निफो' म्हणजे दात. 'ओती' म्हणजे कापणं, आणि बोकडालाही ओतीच म्हणतात. त्यावरून त्यांनी एक विनोद केला, तो इथे नको.

"मग ही सुरी फिरवत नाचता तेव्हा तिच्या दोन्ही टोकांना आग लावता, ती तरी जुनी ना?" मी विचारलं.

"ती 1946ची!" ते खदखदून हसले. फ्रेडी लेटुली हा सामोअन नर्तक तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत होता. तिथे एक हिंदू आग खाणारा कसरतपटू त्याने पाहिला, त्याच्याकडून इंधन घेतलं, सुरीला टॉवेल गुंडाळून पेटवला. "तुमच्याकडचाच कुणी असेल."

मी वहीतली ओळ खोडली. कार्डावर 'निर्मितीस्थळ' हा रकाना बोटभरच होता. 'शेफिल्ड' लिहिल्यावर 'सामोआ' समासात गेलं.